हातगुण

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोसमोर नाही, मित्रांसमोर नाही, देवासमोरही नाही — देवाशी माझे तेवढे घरोब्याचे संबंध नाहीत. मी दारू पीत नाही, याचं लोकांना फार कौतुक. ‘सर म्हणजे संस्कारी माणूस!’ संस्कार कसले डोंबलाचे? दोन घोट पोटात गेले आणि जीभ सैल सुटली तर काय बाहेर पडेल, या धाकानं मी ग्लासाला हात लावत नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असाल तर — असो, तरीही सांगतो.

अकोल्यातल्या एका संशोधन केंद्रात मी विभागप्रमुख आहे. नावामागे डॉक्टर. कुठं मार्गदर्शक, कुठं परीक्षक, कुठं प्रमुख पाहुणा. घरी शालींसाठी वेगळं कपाट आहे. अकोल्याच्या उन्हात शाल पांघरून फिरणारा माणूस तुम्ही कधी पाहिलाय? नाही ना? पण देणारे देतात, घेणारे घेतात, आणि दोघंही फोटोसाठी हसतात. या सगळ्या माणसांचा मला मनापासून तिटकारा आहे. त्यांच्यातला सगळ्यात हलका माणूस मीच आहे, हे मात्र त्यांना ठाऊक नाही.

माझं काम झाडांच्या जीनोमचं, म्हणजे त्यांच्या पेशीतल्या सगळ्या डीएनएचं. घाबरू नका. लागेल तेवढंच सांगतो, पण तेवढं कळल्याशिवाय मी काय केलं ते तुम्हाला कळायचं नाही.

कांदा घ्या. कांद्याच्या एका पेशीत माणसाच्या पेशीपेक्षा पाचपट डीएनए असतो. हो, ज्याला तुम्ही बुक्की मारून फोडता आणि भाकरीबरोबर खाता, त्या कांद्याच्या! म्हणून कांदा माणसाहून हुशार आहे असं नाही — आमच्या केंद्रापुरतं मात्र छातीठोक सांगता येणार नाही. त्या एवढ्या ढिगाऱ्यात कामाचा भाग, म्हणजे जीन, अगदी थोडा. बाकी सगळी बडबड. तीच ती, तीच ती, हजारो वेळा. आता यंत्रं स्वस्त झाली, लोक अख्खा ढिगाराच वाचून काढतात. पण मी तरुण होतो तेव्हा ते आमच्या आवाक्यात नव्हतं. म्हणून आधी बडबड बाजूला सारायची आणि जीन असलेले तुकडेच तेवढे वाचायचे, अशा युक्त्या असायच्या. एक युक्ती म्हणजे डीएनए तापवून त्याचे दोन धागे सुटे करायचे आणि सावकाश निवू द्यायचे. ज्याच्या हजारो नकला आहेत त्याला जोडीदार चटकन सापडतो, त्याचं जमून जातं. एकुलता एक जीन बिचारा बराच वेळ बिनलग्नाचा राहतो. ते बिनलग्नाचे वेचून घ्यायचे.

आमची युक्ती दुसरी होती. झाड आपल्या बडबडीवर स्वतःच बारीक खुणा करून ठेवतं — मिथाइलच्या खुणा. म्हणजे, हा भाग गप्प ठेवायचा. जीनवर त्या खुणा कमी असतात. आणि काही बॅक्टेरिया असे असतात, की खूण दिसली की तो तुकडा चावून टाकतात. झालं तर मग! कांद्याच्या डीएनएचे तुकडे करायचे आणि या चावऱ्या बॅक्टेरियात सोडायचे. खुणेचे तुकडे संपतात, बिनखुणेचे तगतात. सुपातून पाखडून घ्यावं तसं.

मेख पुढे आहे. लॅबमध्ये रोजच्या वापराचे जे बॅक्टेरिया असतात, त्यांचे हे दात मुद्दाम काढून टाकलेले असतात. संशोधकानं घातलेला डीएनए त्यांनी चावू नये म्हणून. म्हणजे बॅक्टेरिया दोन प्रकारचे — दाताचे आणि बोळके. आमच्या लॅबमध्ये आम्ही त्यांना हेच म्हणायचो. नळीत दोघं सारखेच दिसतात, पांढुरके, गोठलेले. नळीवर मार्करनं काय लिहिलंय, एवढ्यावर सगळा भरवसा.

आणि नळ्यांवर लिहिणं माझं काम होतं.

आता आमच्या लॅबची एक रीत सांगतो, म्हणजे आम्ही कसले विज्ञाननिष्ठ होतो ते तुम्हाला कळेल. आमच्याकडे हातगुण पाहत. हसू नका. एखादा प्रयोग सारखा फसायला लागला, की मोठे सर — आमचे सगळ्यांचे गाइड — म्हणायचे, ‘याचा हात बदला.’ मग ज्याच्या हाताला यश आहे असा कुणीतरी येऊन पहिला थेंब टाकायचा. जमलं, की हातगुण. फसलं, की हातगुण. का जमलं आणि का फसलं, हे शोधायचे कष्टच नकोत! वैदूलाही लाज वाटेल अशी ही तऱ्हा, आणि भिंतीवर शास्त्रज्ञांचे फोटो. दसऱ्याला सेंट्रिफ्यूजला, म्हणजे नळ्या गरगर फिरवणाऱ्या यंत्राला, हार घालून हळदकुंकू वाहायचे ते वेगळंच. त्याला माझी ना नाही, अवजारांची पूजा सगळेच करतात. पण अवजारांच्या जागी माणसांची परीक्षा सुरू झाली, की तिथं विज्ञान मेलं म्हणायचं. हे तेव्हाही मला कळत होतं. कळूनही मी त्याच रीतीच्या आडोशाला जाऊन बसलो.

तो झेंडूचा हार दर दसऱ्याला वंदना आणायची.

वंदना माझ्या मागून आलेली पीएचडीची विद्यार्थिनी. चांदूर बाजारच्या पलीकडच्या एका खेड्यातली. घरी भाजीपाला आणि फुलं. अख्ख्या नात्यागोत्यात एवढं शिकलेली ती एकटी. तिच्या घरी वाफ्यात पहिला दाणा तीच टाकायची, अगदी लहान होती तेव्हापासून. तिची आई म्हणे, ‘वंदीच्या हातानं गोटाबी उगवते.’ हे तिनं आम्हाला पहिल्याच आठवड्यात डबा खाताना सांगितलं, हसत हसत. मला ‘दादा’ म्हणायची. आणि ‘मी जातो’, ‘मी करतो’ — तिकडच्या बायका म्हणतात तसं. पुण्याचे दोन जण लॅबमध्ये होते, ते फिदीफिदी हसायचे. मीही हसायचो.

मी कोण हो हसणारा? अमरावतीच्या राजापेठेत वाढलेला. वडिलांचा गणिताचा क्लास, घरात दिवसभर ‘तुले काहून समजत नाही बे’ हीच भाषा. एमएस्सीला पुण्यात गेलो, पहिल्या दिवशी मेसमध्ये ‘मले पोळी द्या’ म्हणालो आणि अख्खं टेबल खो खो हसलं. त्यानंतर मी माझी जीभ घासून घासून धुतली. इतकी, की परत आल्यावर वडील म्हणाले, ‘हा पावना कोन आला बाप्पा?’ आणि आता ही पोरगी तेच ‘मले-तुले’ घेऊन, जराही न लाजता, माझ्या शेजारच्या टेबलावर येऊन बसलेली. तिचा मला राग का यायचा ते आता कळतं. तेव्हा मी त्याला दर्जा म्हणायचो.

कांद्याचं काम म्हणजे तिची पीएचडी. कांद्याचे जीन बडबडीतून वेगळे काढून दाखवले, की ती डॉक्टर वंदना. नाही जमलं, तर फेलोशिप संपली की परत गाव. मधला रस्ता नव्हता. हे तिला माहीत होतं, सरांना माहीत होतं, मला माहीत होतं.

दिवाळीच्या सुट्टीत फ्रीझरवर लक्ष ठेवायची पाळी माझी होती. मी अमरावतीला निघून गेलो. आईच्या हातचा चिवडा खात बसलो आणि इकडे केंद्राचा ट्रान्सफॉर्मर उडाला. सगळ्यांच्या आधी परत आलो तर बॅक्टेरियाच्या फ्रीझरमधून पाणी वाहत होतं, वासानं उभं राहवेना. चूक झाली. माणसाच्या हातून होते. एवढ्यासाठी कुणी तोंड लपवत फिरत नाही.

बोळके बॅक्टेरिया पुन्हा वाढले. ते सगळीकडे मिळतातच. दाताचे मात्र मेले. ते सरांनी हैदराबादच्या एका लॅबच्या हातापाया पडून मागून आणलेले. एक वाक्य बोलायचं होतं — ‘सर, मी घरी गेलो होतो, दाताचे गेले.’ बोलता आलं असतं की नाही? पण त्या वर्षी केंद्रात कायमची जागा निघणार होती. सरांच्या शब्दावर ती ठरणार होती. मी बोळके घेतले, नव्या नळ्यांत भरले, आणि वर दाताच्यांचं नाव लिहिलं. अक्षर छान आलं.

मनाशी म्हटलं, तात्पुरतं आहे. दिल्लीत एक मित्र होता, त्याच्याकडून गुपचूप नवे मागवू, नळ्या बदलू, कुणाला पत्ताही लागणार नाही. पण त्याआधीच वंदना आली. ‘दादा, दाताचे देता काय? डीएनए तयार झाला.’

मी दिले.

का दिले? चार दिवस थांब म्हणता आलं असतं. सर्दीचं, तापाचं, कशाचंही कारण सांगता आलं असतं. पण मला वाटलं — आता हे ऐका — हिच्याकडून काय होणार आहे? कांद्याचा डीएनए म्हणजे नुसता चिकट लगदा, भल्याभल्यांचा निघत नाही, हिचा काय कपाळाचा निघालाय? फसेलच. फसलं की नळ्यांचा प्रश्नच येणार नाही. तिच्या नालायकीवर मी एवढा विसंबून होतो! आणि डीएनए तर तिनं इतका स्वच्छ काढला होता, की तसा मी आजवर काढलेला नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्या बॅक्टेरिया वाढवायच्या प्लेटा ठिपक्यांनी गच्च भरल्या. एकेक ठिपका म्हणजे तगलेला एकेक तुकडा. सरांनी प्लेट उजेडात धरली आणि ओरडले, ‘वा! पोरीला हातगुण आहे!’ पेढे आले. आता तुम्हीच सांगा — बॅक्टेरिया चावरे असते, तर बहुतेक तुकडे मेले असते, ठिपके मोजकेच उठले असते. भरलेली प्लेट म्हणजे सत्यानाश! चाळणीला जाळीच नाही, म्हणून सगळं खाली पडतंय. एवढं त्या थोर माणसाला कळू नये? मला कळलं. त्या खोलीत तेव्हा ते कळलेला माणूस मी एकटा होतो. मी पेढा खाल्ला. कंदी पेढा होता, अजून चव आठवते.

तुकडे वाचून आले. बडबड, सगळी बडबड. जीन शोधायला भिंग घ्यावं लागेल अशी गत. सर चिडले, पेढे अंगावर आल्यासारखे चिडले. सोमवारच्या बैठकीत सगळ्यांसमोर तिला उभं केलं. ती खाली मान घालून ऐकत होती, मग मान वर करून म्हणाली, ‘सर, एक डाव बॅक्टेरियाच तपासून पाह्यतो ना. खुणांचा डीएनए टाकून पाह्यतो. दात हायेत का नाही ते समजून जाईन.’

बरोबर तेच! नेमकं तेच करायला हवं होतं. एका दिवसाचं काम. सरांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडातून काय आलं ते शब्दन् शब्द आठवतंय. मी म्हणालो, ‘बॅक्टेरिया मी केलेत, वंदना. तुमच्या वांग्याच्या वाफ्यातून आणलेले नाहीत.’

लॅब हसली. पुण्याचे दोघं जरा जास्तच. सरही हसले. तीही हसली थोडी, सगळे हसतात तेव्हा हसावं लागतं तशी. बॅक्टेरिया तपासायचा विषय तिथंच मेला. सर म्हणाले, पुन्हा कर.

तुम्हाला वाटेल, हेच ते. नळ्या बदलल्या, पोरीची टिंगल केली, हीच कबुली. नाही हो. एवढं तर मी कधीतरी, म्हातारपणी, नातवंडांना गंमत म्हणून सांगितलंही असतं. ‘तरुणपणी काय काय केलं’ म्हणून. पुढचं सांगता येत नाही. सांगायला घेतलं की मी नेहमी फ्रीझरबद्दल, ट्रान्सफॉर्मरबद्दल, सरांच्या मूर्खपणाबद्दल बोलत सुटतो. आताही बघा ना, किती वेळ बोलतोय.

तिनं दुसऱ्यांदा सगळं तयार केलं. डीएनए पुन्हा काढला, पुन्हा तुकडे केले. आणि ती बॅक्टेरिया मागायला आली त्याच्या आदल्या दिवशी दिल्लीचं पार्सल आलं. खरे दाताचे. सुक्या बर्फात, धडधाकट, जिवंत. मी स्वतः वाढवून पाहिले, खुणांचा डीएनए टाकून तपासून पाहिले. ती जे करू द्या म्हणत होती तेच. चावत होते, मस्त चावत होते.

दुसऱ्या दिवशी ती आली. फ्रीझरच्या वरच्या खणात बोळक्यांच्या नळ्या होत्या, मागच्या खणात खरे. दोन्ही मला दिसत होते. खरे दिले असते तर तिचं काम झालं असतं. पण मग कुणीतरी विचारलं असतं, की पहिल्यांदा का नाही झालं? बॅक्टेरियाच काय ते बदलले ना? बोट फिरत फिरत माझ्याकडे आलं असतं.

मी तिला वरच्या खणातल्या दिल्या. माझ्या हातानं. ‘थँक्यू दादा’ म्हणाली.

ही चूक नव्हे. चूक दिवाळीत झाली होती. हे मी बघून, समजून, निवडून केलं.

पुन्हा प्लेटा गच्च. पुन्हा बडबड. या खेपेला सर चिडलेही नाहीत, नुसते हात झटकून म्हणाले, ‘पोरीला हातगुण नाही.’ झालं! जो माणूस काल हातगुण आहे म्हणून पेढे वाटत होता, तोच. त्यानंतर लॅबनं जे केलं ते बघण्यासारखं होतं. कुणाचा नाजूक प्रयोग असला की तिला म्हणायचे, ‘वंदना, जरा बाहेर थांबतेस का?’ सामायिक बाटल्यांना तिनं हात लावला की दुसरी काढायचे. शिकलेसवरलेले लोक! तिनंही हळूहळू हात मागे ठेवून उभं राहायला सुरुवात केली. दसऱ्याला हार आणला तो तिनं घातला नाही, शिपायाच्या हातात दिला. मी बघत होतो. फेलोशिप संपली तशी ती गेली. जाताना सगळ्यांना वांगी दिली घरची. मलाही दिली. मी खाल्ली.

मग काही महिने जाऊ दिले, आणि कांद्याचं काम मीच हातात घेतलं. मागच्या खणातल्या नळ्या काढल्या. डीएनए तिनं काढून ठेवलेलाच वापरला, फुकट कशाला घालवा? मोजकेच ठिपके उठले, आणि वाचून पाहिलं तर जीनच जीन. सर म्हणाले, ‘याला म्हणतात हातगुण!’ माझा शोधनिबंध झाला, कायमची जागा झाली, पुढचं सगळं त्याच पायावर उभं आहे. कपाटातल्या शालींपर्यंत.

आणि आता ती पद्धतच मेली. कुणी वापरत नाही. अभ्यासक्रमात तिच्यावर एक तास उरलाय, तो मी घेतो. त्या तासाला मी एक किस्सा सांगतो. ‘आमच्याकडे एक मुलगी होती, चांदूर बाजारची’ — आणि मग तिचा आवाज काढतो, ‘दात हायेत का नाही ते समजून जाईन’ — पोरं हसून लोळतात. नाव सांगत नाही, तेवढा मी सभ्य. शेवटी तात्पर्य सांगतो, की साधनांना दोष देऊ नका, आधी आपला हात तपासा. दर वर्षी सांगतो. यंदा सांगितला नाही असं म्हणालो तर तुम्हाला बरं वाटेल. सांगितला.

गेल्या वर्षी चांदूर बाजारला शेतकरी मेळावा होता, मी प्रमुख पाहुणा. मंगल कार्यालय, शाल, श्रीफळ, कांदा बियाण्यावर माझं भाषण. खाली उतरलो तर समोर एक बाई. ‘दादा, वयखलं काय?’

ओळखलं. क्षणात ओळखलं आणि पहिला विचार मनात आला, तोही सांगून टाकतो — ही इतकी बरी कशी दिसतेय? मला वाटलं होतं वाळून कोळ झाली असेल. तशी नव्हती. नवरा, ती आणि तिची जाऊ मिळून रोपवाटिका चालवतात. ‘चला ना दादा, जवळच हाये, च्या घेऊन जाजा.’ नाही म्हणायला कारण सापडलं नाही.

रोपवाटिका देखणी होती. मिरचीचे ट्रे, वांग्याचे ट्रे, एक पान पिवळं नाही. सगळं तीच बघते — माती, खत, पाणी, रोग. कांद्याचे गादीवाफे तयार होते, बारीक मातीचे, रेघा ओढलेले. जाऊबाई बियाचं ताट घेऊन आली आणि वाकली. वंदना बाजूला उभी. हात मागे. तसेच, लॅबमध्ये ठेवायची तसे.

मी विचारलं. कशाला विचारलं कोण जाणे! ‘तू नाही टाकत?’

‘नाही दादा. बाकी सारं मी करतो, बी तेवढं जाऊबाई टाकते. माह्या हाताले यश नाही ना. तुमाले तं मालूमच हाये.’ अगदी सहज म्हणाली, गुडघा दुखतो म्हणावं तशी. मग म्हणाली, ‘मी लय इचार केला दादा. डीएनए साफ होता. तुकडे बराबर होते. तुमी म्हणे बॅक्टेरिया बराबर हायेत. मंग माह्या हाताशिवाय उरलं काय?’

ती मला विचारत नव्हती. मला दोषही देत नव्हती. तिनं हिशोब केला होता, नीट, शास्त्रज्ञासारखा — एकेक कारण तपासून बाजूला ठेवत गेली आणि शेवटी जे उरलं ते स्वीकारलं. त्या हिशोबात एकच आकडा खोटा होता, तो मी दिलेला.

आतून कुणीतरी ओरडलं, माझ्या जुन्या भाषेत, वडिलांच्या आवाजात — ‘अबे भैताडा, सांग ना! आता तं सांग!’ तिथं कोण होतं? ती, जाऊ, मिरचीची रोपं. नोकरी कुणी काढून घेणार नव्हतं. काहीएक जाणार नव्हतं माझं. तिला मात्र तिचे हात परत मिळाले असते.

मी म्हणालो, ‘असतं एकेकाचं.’

तिनं मान डोलावली. मग एकदम काहीतरी सुचल्यासारखी हसली आणि जाऊच्या हातातलं ताट घेऊन माझ्यापुढे धरलं. ताटाच्या कडेलाच धरलं, बियाला बोट लागू न देता. ‘आता आलेच हा तं पह्यला दाणा तुमी टाका दादा. तुमचा हात चांगला हाये.’

मी चपला काढल्या. वाकलो. काळं, बारीक बी चिमटीत घेतलं आणि पहिल्या रेघेत सोडलं. जाऊबाईंनी पदर डोक्यावर घेतला. वंदनानं हात जोडले.

दहा-बारा दिवसांनी व्हॉट्सअॅपवर फोटो आला. हिरव्यागार रेघा. खाली लिहिलेलं — ‘दादा, तुमच्या हातचं बी एकजात उगवलं. आजलोक असं रोप नाही झालं. आता दरसाल पह्यला दाणा टाकाले तुमीच येजा.’

मी अंगठ्याचं चित्र पाठवलं.

यंदाही गेलो होतो. वाफे तयार होते, ताट तयार होतं. ती बाजूला उभी होती, हात मागे घेऊन. पहिला दाणा मी टाकला.